काळ्या मातीची नळी अखेर वाहती राहिली

निफाडच्या मातीची नळी रात्रभर एकाच वेगाने वाहिली आणि सकाळी खालच्या बरणीत नितळ पाणी! नळीत माती ठोकून भरायची, वरून पाणी सोडायचं आणि ते किती वेगाने झिरपतं ते मोजायचं, असा माझा प्रयोग चालू आहे. गेल्या नोंदीत प्रवाह मंदावत जाण्यावर घोडं अडलं होतं, तिथून सुटलं.

पाणी झिरपण्याच्या डार्सीच्या १८५६ च्या नियमाने पातळीतला फरक, लांबी आणि काटछेद तेच असतील तर प्रवाहही तोच राहायला हवा. माझा मात्र तासागणिक मंदावायचा. म्हणजे बदलत होती ती मातीच. आधी संशय अडकलेल्या हवेवर होता. नळी खालून वर, अगदी सावकाश भिजवली, तरी फरक शून्य. मग मातीतल्या पाण्याचा दाब दाखवणाऱ्या, बाजूला वेगवेगळ्या उंचीवर लावलेल्या बारीक नळ्यांमधल्या पातळ्या लिहून काढल्या: सगळी घसरण तिसऱ्या आणि चौथ्या नळीच्या मधल्या पट्ट्यात! काहीतरी तिथे जाऊन बसत होतं. बरणीतलं पाणीही चहासारखं गढूळ, रात्रभर ठेवलं तरी गाळ खाली बसेना.

इथेच उलगडा झाला. मी नळीत आरओचं पाणी सोडत होते आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. अशा पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना ढकलतात, सुटे होतात, पाण्याबरोबर खाली जातात आणि अरुंद छिद्रांच्या तोंडाशी अडकतात. काळी माती फुगते, तेही आहेच, पण नुसत्या फुगण्याने खालचं पाणी गढूळ झालं नसतं. चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या जमिनीत सोडियम हेच करतं, म्हणून तिथे निचरा थांबतो.

नवी माती तशीच ठोकून भरली आणि पहिल्या थेंबापासून जिप्समचं पाणी दिलं. लिटरला साधारण अडीच ग्रॅमच विरघळतं, पण त्यातलं कॅल्शियम कणांना धरून ठेवायला पुरलं. खताच्या दुकानातलं जिप्सम चालतं, फक्त मलमलीतून दोनदा गाळा. प्रवाहाला सलाईनच्या नळीच्या चाकाइतका चांगला कॉक नाही. अ‍ॅक्रिलिकची नळी मात्र नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत समोर उभं राहून कापून घ्या. ऑनलाइन आलेल्या नळीची कड तिरकी निघाली, टोकाची चकती बसेना. आतून वाळू चिकटवल्यापासून कडेने पाणी पळणंही थांबलंय.

पुढे गोदावरीच्या रेतीची नळी भरायची होती. पण लिहिता लिहिता सुचलं: पावसाचं पाणीही जवळपास आरओसारखंच! मग रेती राहू दे. याच स्थिर नळीत मधेच पावसाचं पाणी सोडते आणि किती पाणी गेल्यावर पहिला गढूळपणा येतो ते मोजते. द्राक्षबागेत बोअरच्या पाण्यानंतर मोठा पाऊस पडला की वाफसा (मशागतीजोगा ओलावा) लवकर येत नाही, त्यात याचा किती वाटा आहे ते बघायचंय. गढूळपणा मोजायचं यंत्र कुणाकडे असेल तर आठवडाभरासाठी हवंय.