साडेदहाची गाडी

भुसावळच्या आपल्या शाळेत आमच्या वेळी निम्मी मुलं रेल्वे कॉलनीतली असायची. कुणाचे वडील गार्ड, कुणाचे गँगमन, कुणाचे लोकोशेडमध्ये फिटर. इतिहासाच्या सरांना हे पक्कं ठाऊक होतं. पाठ्यपुस्तकात मांचुरियाला, म्हणजे चीनच्या ईशान्य भागाला, जेमतेम दोन ओळी होत्या. सरांनी त्यावर दोन तास घेतले.

१८ सप्टेंबर १९३१. तिथल्या मुकदेन शहराजवळ, जपानच्या ताब्यातल्या रेल्वेमार्गावर रात्री दहा ते साडेदहाच्या दरम्यान स्फोट झाला. चिनी सैनिकांनी रूळ उडवले, असं जपानी लष्कराने जाहीर केलं. सकाळपर्यंत मुकदेन त्यांच्या हातात होतं. सरांनी एवढं सांगितलं आणि मग हळूच म्हणाले, "पोरांनो, चांगचुनहून येणारी गाडी त्यानंतर त्याच रुळांवरून मुकदेनला वेळेवर पोचली."

वर्गात एकदम कालवा झाला. गँगमनचा मुलगा उठून म्हणाला, "सर, रुळाला नुसती चीर दिसली तरी बाबा लाल झेंडी घेऊन धावतात. मग ही गाडी गेली कशी?" सरांना हाच प्रश्न हवा होता. नुकसान इतकं किरकोळ असेल, तर तेवढ्यासाठी अख्खं शहर कशाला घ्यायचं? आणि शहर घेणाऱ्या तोफा त्याच रात्री तयार कशा? त्या आधीच गुपचूप आणून ठेवल्या होत्या. इशिवारा आणि इतागाकी या क्वांतुंग सेनेच्या, म्हणजे मांचुरियातल्या जपानी फौजेच्या, अधिकाऱ्यांनी सगळा बेत आखला होता आणि स्फोटही जपानी माणसांनीच घडवला होता. हे पुरतं उघड व्हायला मात्र महायुद्ध संपावं लागलं.

सरांचं मोठेपण पुढे दिसलं. जपानच्या सगळ्याच तक्रारी खोट्या होत्या, असं त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये कॅप्टन नाकामुरा या जपानी अधिकाऱ्याला चिनी सैनिकांनी मारलं होतं. जपानी मालावर चीनमध्ये बहिष्कारही होता. प्रचार करणारा अशा खऱ्या दुखण्याला धरूनच खोटं उभं करतो. तक्रार खरी असली म्हणून शेजाऱ्याच्या देशात फौज घुसवण्याचा हक्क मिळत नाही, हे सर दोनतीनदा बजावून सांगत.

चौकशीसाठी राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, लिटन आयोग पाठवला. लिटन बंगालचे माजी गव्हर्नर. परक्या देशावर राज्य करणारा माणूस दुसऱ्या साम्राज्याची चौकशी करत होता, याकडे सरांनी आमचं लक्ष वेधलं, पण अहवालाचं मोल त्यामुळे कमी मानलं नाही. ऑक्टोबर १९३२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या रात्रीची जपानी कारवाई रास्त स्वसंरक्षण मानता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. गाडी वेळेवर पोचल्याची नोंदही त्यातच आहे. फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्रसंघात ४२ देशांनी त्या बाजूने मत दिलं, विरोधात एकटा जपान. जपानचे प्रतिनिधी सभागृह सोडून निघून गेले.

"मग अहवालाचा उपयोग काय झाला?" मी विचारलं होतं. मांचुरियात जपानचं मांचुकुओ नावाचं बाहुलं राज्य तर तोवर उभंही राहिलं होतं. सर म्हणाले, बहुतेक देशांनी त्या राज्याला मान्यता दिली नाही, ती या कागदाच्या बळावर. चोरीचा माल चोरीचाच म्हणून नोंदला गेला.

पुढे मी वृत्तपत्रात आलो. १८ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमधल्या दोनेत्स्कच्या रशियाधार्जिण्या नेत्याने चित्रफितीतून घोषणा केली, की युक्रेनचा हल्ला होणार, म्हणून नागरिकांना आजच हलवतो आहोत. चित्रफितीच्या फाईलमधली तारखेची नोंद तपासली गेली, तेव्हा चित्रीकरण १६ फेब्रुवारीचं निघालं. २४ तारखेला रशियाने दोनबासमधल्या, म्हणजे दोनेत्स्क ज्यात येतं त्या पूर्व युक्रेनमधल्या, नरसंहाराचं कारण देत आक्रमण केलं. १६ मार्चला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्या आरोपाला पुष्टी देणारा पुरावा आपल्यासमोर आला नसल्याचं नोंदवून कारवाई थांबवण्याचा आदेश दिला. १३ विरुद्ध २ मतांच्या त्या निर्णयात भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी बहुमतासोबत होते. ती बातमी लावताना मला सरांची फार आठवण आली. ते असते, तर त्यांना मी त्याच रात्री फोन केला असता.

लिटन अहवालातल्या त्या रात्रीच्या भागाचं मराठी टिपण मी शाळेच्या ग्रंथालयाकडे दिलं आहे. नववी-दहावीच्या मुलांकडून ते वर्गात मोठ्याने वाचून घ्यावं आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत, एवढी बाईंना आणि सरांना विनंती.