दुसरा कुत्रा आणताना आमचे घोडे कुठे अडले

घरात एक कुत्रा असताना त्याला सोबत म्हणून दुसरा आणावा की नाही, हा निर्णय अवघड असतो असे सगळेच सांगतात. माझ्या अनुभवात तो वेळखाऊ होता, पण अवघड नव्हता. अवघड होती ती दत्तक केंद्रातील ‘परिचय भेट’ नावाची पायरी, जिने आमच्या नाकी नऊ आणले आणि जिच्याविषयीची माझी चिडचिड अजून पुरती शमलेली नाही. पुढील मजकुरात त्या भेटीने तिच्या वाट्यापेक्षा अधिक जागा अडवली, तर वाचकांनी समजून घ्यावे.

आमचा खंड्या चार वर्षांचा. घरातील सगळे बाहेर पडले की तो दाराशी उभा राहून रडत असे, आणि हे ऐकणारा प्रत्येक जण एकच उपाय सुचवीत असे: ‘एकटा पडतो बिचारा, त्याला जोडीदार आणा.’ आमच्या पशुवैद्यांनी मात्र आधी एक साधी परीक्षा घ्यायला सांगितली. ज्या कुत्र्याशी खंड्याचे चांगले पटते त्याला काही तास घरी आणावे, मोबाइलवर चित्रीकरण चालू ठेवून आपण बाहेर पडावे आणि परतल्यावर ते पाहावे. आम्ही तसे केले. पाहुणा थोड्याच वेळात सतरंजीवर आडवा झाला. खंड्या त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता दाराच्या फटीला नाक लावून नेहमीसारखाच विव्हळत राहिला. त्याला उणीव भासत होती ती आमची, कुत्र्याची नव्हे. माणसे दूर गेल्याने ज्याचा जीव असा कासावीस होतो, त्याची ती भीती दुसरा कुत्रा आणून सहसा जात नाही. उलट एकाचे ऐकून दुसराही सूर लावण्याची शक्यता असते. म्हणून आधी काही सेकंदच बाहेर जायचे, तो अस्वस्थ होण्यापूर्वी परतायचे आणि ही मुदत हळूहळू वाढवायची, असा सराव आम्ही केला. आम्ही बाहेर असतानाही तो झोपू लागला, तेव्हाच दुसऱ्या कुत्र्याचा विषय घरात पुन्हा निघाला.

तोवर प्रश्नही नेमका झाला होता. खंड्याला इतर कुत्र्यांशी खेळायला आवडते का? आवडते. हाक मारल्यावर तो परत येतो का? येतो, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण नवा कुत्रा जुन्याच्या सवयी चटकन उचलतो, त्यात वाईटही आल्या. आणि आम्हाला स्वतःला दुसरा कुत्रा हवा आहे का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मनापासून ‘हो’ येत नसेल तर पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. दोघांची मैत्री झाली नाही आणि ती जन्मभर एकमेकांकडे काणाडोळा करीत राहिली, तरी दोघांचेही आपल्यालाच निभवायचे असते.

कुत्रा कोणता, याचा फारसा खल झाला नाही. एकाच वेतातील दोन पिल्ले एकदम आणण्याचा मोह अनेकांना होतो. ती एकमेकांत इतकी गुंतू शकतात की माणसाचे शिकवणे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून तो मार्ग आम्ही सोडला. खंड्या नर असल्याने नसबंदी झालेली मादी पाहायची, कारण नर-मादीच्या जोडीत सहसा भांडणे कमी होतात. पिल्लापेक्षा स्वभाव कळलेली प्रौढ कुत्री बरी, हेही ठरले. केंद्रात दोनेक वर्षांची, तांबूस रंगाची चिंगी भेटली. अर्ज, घरभेट, कागदपत्रे, सगळे सुरळीत पार पडले आणि मग ‘परिचय भेट’ समोर आली.

नियम असा होता: घरातील कुत्र्याला केंद्राच्या आवारात आणायचे, तेथे दोघांना पंधरा मिनिटे समोरासमोर ठेवायचे आणि कर्मचाऱ्याने अर्जावरील दोनांपैकी एका चौकटीत खूण करायची, ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’. शेरा प्रतिकूल आला तर नाव प्रतीक्षायादीत आणि पुढील तारीख केंद्र कळवील तेव्हा. नियमामागील हेतू चांगला आहे, हे मी मान्य करतो. घाईने नेलेला आणि आठवड्याभरात परत आणून सोडलेला कुत्रा पाहण्यापेक्षा आधी खातरजमा केलेली केव्हाही बरी. माझा आक्षेप खातरजमेला नाही, ती ज्या रीतीने होते तिला आहे.

ते आवार म्हणजे सिमेंटची अरुंद पट्टी होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पिंजऱ्यांची रांग, आणि पिंजऱ्यांतील प्रत्येक कुत्रा जीव तोडून भुंकत होता. फिनेलच्या वासाने माझेच डोके भणभणले होते; खंड्याच्या नाकाचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. लोखंडी फाटकातून चिंगीला पट्टा अगदी आखूड धरून आणले गेले आणि मलाही तसाच आखूड धरायला सांगण्यात आले. दोघे थेट नाकासमोर नाक, मध्ये दोन हातांचे अंतर, हलायला जागा नाही. खंड्याने आधी जांभई दिली, मग नाक चाटले, मग मान वळवून भिंतीकडे पाहिले. शेपटी ताठ वर, डोळ्यांच्या कडेला पांढरे दिसू लागलेले. झोप आल्याची ती जांभई नव्हती. ‘मला हे सोसवत नाही, थोडी जागा द्या’ असे सांगायची कुत्र्यांची जी सभ्य भाषा असते, तिचे एकेक वाक्य तो उच्चारत होता. ते कोणी ऐकले नाही, तेव्हा तो गुरगुरला. चावला नाही, झेपावला नाही, नुसता गुरगुरला. आणि कर्मचाऱ्याने पंधरा मिनिटे भरण्याचीही वाट न पाहता ‘जुळत नाही’च्या चौकटीत खूण करून समासात ‘आक्रमक’ असा शब्द लिहिला.

या शब्दाचा राग मला अजून येतो. गुरगुरणे हा हल्ला नव्हे, हल्ला टाळण्याची सूचना आहे. ज्या कुत्र्याला गुरगुरल्याबद्दल सतत दटावले जाते, तो पुढे सूचना न देता चावू लागण्याचा धोका असतो. शिवाय मोकळी सोडलेली कुत्री अशी भेटतच नाहीत. ती वळसा घेऊन, बाजूने जवळ येतात, मागून वास घेतात, लगेच दूर होतात आणि वाटले तर पुन्हा येतात. पट्टा ताणलेला असला की दूर होण्याचा मार्गच बंद होतो आणि धरणाऱ्या हाताचा ताण थेट मानेपर्यंत पोहोचतो. दोन अनोळखी माणसांना गर्दीच्या फलाटावर हात बांधून नाकाला नाक भिडवून उभे करावे आणि यांचे सूत का जुळत नाही असा शेरा मारावा, तशातली ही गत होती.

त्यानंतर सुरू झाले थांबणे. फोन केला की ‘यादीत नाव आहे, तारीख कळवू’ एवढेच उत्तर मिळे; तारीख कोण ठरवते हे विचारले की ते साहेब नेमके बाहेर गेलेले असत. मधल्या काळात चिंगी दुसऱ्या कोणाला दिली जाणार का, याविषयी कोणी ताकास तूर लागू देत नव्हते. समक्ष गेलो तर खिडकीपलीकडून अर्जाची प्रत दाखवून मलाच तो शब्द वाचून दाखवण्यात आला, जणू खंड्याशी माझी ओळख त्या दिवसापासूनच होती. येथे एक सूचना आठवली, ती लिहून टाकतो: अर्ज जमा करण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढे ‘नियमात काय लिहिले आहे’ याविषयी वाद होतो, तेव्हा ते आपल्या हाती असलेले बरे.

तोंडी बोलण्याचा उपयोग होत नाही, हे दिसल्यावर मी केंद्राला पत्र लिहिले. त्यात तक्रार कमी आणि मागणी नेमकी ठेवली: भेट रद्द करू नये, केवळ जागा आणि पद्धत बदलावी, आवाराबाहेरील मोकळ्या मैदानात, दोन स्वतंत्र माणसांच्या हाती दोन कुत्री देऊन, आधी समांतर चालवावे. पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणे ‘नियमात तरतूद नाही’ असे आले. मग आमच्या पशुवैद्यांनी आपल्या चिठ्ठीवर, खंड्याची वागणूक तपासली असून मोकळ्या जागेतील संथ परिचय त्याच्यासाठी योग्य ठरेल, अशा अर्थाच्या दोन ओळी लिहून सही-शिक्का दिला. त्या कागदाने जे केले ते माझ्या पानभर युक्तिवादाला जमले नव्हते. यावर काय बोलावे? ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी ती चिठ्ठी पहिल्याच दिवशी अर्जाला जोडावी, एवढेच सांगतो.

दुसरी भेट मैदानात झाली. खंड्या माझ्याकडे, आणि चिंगीचा पट्टा त्याच कर्मचाऱ्याच्या हाती, ज्याने तो शब्द लिहिला होता. दोघांत वीसेक पावलांचे अंतर ठेवून आम्ही एकाच दिशेने चालू लागलो, पट्टे सैल. सुरुवातीला दोघेही एकमेकांकडे डोळे वटारून पाहत होते. मग गवताचा वास अधिक रंजक वाटू लागला. चिंगीने जेथे मूत्र केले तेथे खंड्या पोहोचला, त्याने सावकाश हुंगले आणि वरून आपलीही सही केली. कुत्र्यांच्या जगात हा परिचयपत्रांचा व्यवहारच असतो, आणि तो समोरासमोर उभे न राहता होतो हे त्याचे वैशिष्ट्य. अंतर दहा पावलांवर आले, मग पाचावर. शेवटी खंड्या वळसा घेऊन मागून गेला, दोन-तीन सेकंद वास घेतला आणि मी हाक मारताच परत आला. पुन्हा गेला. चौथ्या-पाचव्या फेरीत चिंगीने पुढचे कोपर जमिनीला टेकवून मागचा भाग उंच उचलला, म्हणजे खेळाचे रीतसर आमंत्रण दिले. कर्मचारी हसला. ‘आत तर हिनेही कधी असे केले नाही,’ असे तो म्हणाला आणि ‘जुळते’च्या चौकटीत खूण केली. मला आनंद झाला, पण खरे सांगायचे तर त्याहून मोठा होता तो ‘मी सांगत होतो की नाही’ हा अभिमान.

लसींचे सांगायचे राहिले, वास्तविक ते सर्वांत आधी यायला हवे होते. केंद्रात जाण्यापूर्वी घरातील कुत्र्याच्या सर्व लसी वेळच्या वेळी झालेल्या असाव्यात, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि अनेक कुत्री एकत्र असली की खोकल्याचा संसर्गही झपाट्याने पसरतो. आणायचे आहे ते पिल्लू असेल, तर त्याच्या लसींची मालिका साधारण 6 ते 8 आठवड्यांच्या वयात सुरू होऊन 16 आठवड्यांपर्यंत चालते. ती अपुरी असताना किंवा नव्याने आलेल्या कुत्र्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसताना त्याला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवणे शहाणपणाचे. चिंगी केंद्रात बराच काळ होती आणि तिचे लसपत्र पूर्ण होते, म्हणून आमची त्यातून सुटका झाली. घरचा कुत्रा वयस्कर असेल, तर त्याचे सांधे आणि दात आधी तपासून घ्यावेत. दुखणे अंगावर काढणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारे पिल्लू सोडणे हा त्याच्यावर अन्याय आहे, मग त्याला आपण ‘सोबत’ म्हणोत की आणखी काही.

घरी आणतानाही आम्ही दोघांना आधी बाहेर एकत्र फिरवले आणि मगच एकापाठोपाठ एक आत घेतले. खंड्याची हाडके, चेंडू, चघळायची दोरी हे सर्व आदल्या रात्रीच उचलून ठेवले होते. पाण्याची भांडी दोन, जेवण दोन वेगळ्या खोल्यांत दार लावून, आणि खोल्यांच्या मध्ये लहान मुलांसाठी असते तसले जाळीचे फाटक. आलेल्या कुत्र्याला दडपण उतरायला तीन दिवस, घरची रीत कळायला तीन आठवडे आणि हे घर आपले वाटायला तीन महिने, असा एक ठोकताळा कुत्री सांभाळणाऱ्यांत रूढ आहे. तो शास्त्रीय नियम नव्हे, पण ‘दोन दिवस ठेवून पाहा, नाही पटले तर आणून सोडा’ या सल्ल्यापेक्षा पुष्कळ बरा. पहिल्या आठवड्यात चिंगी खंड्याच्या गादीजवळ गेली की तो गुरगुरे आणि ती मान वळवून निघून जाई. आम्ही मध्ये पडलो नाही, कारण एकाने सांगितलेले दुसऱ्याला समजत होते.

आज दोघांचे बरे चालले आहे. गळ्यात गळे घालून झोपण्याइतके नाही, पण दुपारी एकाच खोलीत पडून राहण्याइतके निश्चित. आम्ही बाहेर जातो तेव्हा अजूनही जाळीचे फाटक लावून त्यांना वेगळे ठेवतो आणि चित्रीकरण चालू ठेवतो. दोघांना एकदम फिरवणे सोयीचे असले तरी रोजची एक फेरी प्रत्येकाची स्वतंत्र असते, म्हणजे एकाचे एकावाचून अडत नाही आणि पशुवैद्यांकडे कधी एकट्याला न्यावे लागले तर मागे राहिलेला घर डोक्यावर घेत नाही.