उतरलेला गंधार

बेंजामिन ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराच्या ‘वॉर रिक्विएम’ची, म्हणजे कोरस आणि वाद्यवृंदासाठीच्या त्याच्या युद्धविषयक रचनेची, सगळी गोम सी आणि एफ शार्प या दोन स्वरांत आहे. घंटा हेच दोन स्वर वाजवते आणि कोरस मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना त्यांच्यावरच पुटपुटतो. सीला सा मानलं तर एफ शार्प तीव्र मध्यम. आमच्या दादरच्या तालमीत अर्धे गायक वसईकडचे, चर्चमध्ये गाणारे, आणि अर्धे शास्त्रीय शिकलेले. या दुसऱ्यांना त्यात लगेच यमन सापडतो. तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो, गोड होतो. युद्धात बेचिराख झालेल्या कॉव्हेंट्री कॅथीड्रलच्या नव्या वास्तूत १९६२ साली पहिल्यांदा गायलं गेलेलं काम मग संध्याकाळची मैफल वाटू लागतं.

यावर उपाय म्हणजे तानपुऱ्यावर फक्त षड्ज लावून ठेवायचा, एफ शार्प मींड न घेता, म्हणजे दुसऱ्या स्वरावरून घसरत न येता, सरळ लावायचा आणि पंचमाचा विचारही करायचा नाही. स्वर घंटेवरून उचलायचा नाही, हेही बजावावं लागतं. ट्यूब्युलर बेलमध्ये, म्हणजे इथल्या नळीच्या घंटेत, आपल्याला ऐकू येणारा स्वर प्रत्यक्ष कंपनांत नसतोच, वरच्या कंपनांवरून कान तो जुळवतो. त्यामुळे सप्तक हमखास चुकतं.

‘दिएस इरे’ या कयामतीच्या दिवसावरच्या भागाच्या सात मात्रा, सात मात्रांचाच रूपक ताल सरावात असलेल्यांना जड गेल्या नाहीत. कोरसला तोच भाग आवडतो, कारण तिथे ओरडता येतं. खरी परीक्षा ‘किरिये’ची, म्हणजे त्याआधीच्या ‘प्रभू, दया कर’ या प्रार्थनेची. साथ नाही, आवाज जेमतेम, आणि एवढ्या ताणानंतर शेवट चक्क एफ मेजरवर. तिथे एफ सा होतो, ए गंधार, आणि इतका वेळ सा म्हणून धरलेला सी पंचम. हे आधी सांगितलं की खालचे आवाज ढळत नाहीत.

त्या दिवशी शेवटचा कॉर्ड असा लागला की हॉलमधला एसीसुद्धा नकोसा झाला. आमच्या पियानोवाल्या सरांनी लगेच ए वाजवून पाहिला. “गंधार उतरलाय.”

एफ आणि सी पियानोशी जुळत होते, फक्त ए खाली होता. समान अंतरांच्या पट्टीत पियानोचा गंधार तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो; सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तानपुऱ्यावर वाढलेल्या गळ्यांनी नैसर्गिक गंधार लावला होता. कॉर्ड स्थिर वाटला तो त्यामुळेच. साथीदारांना पियानो म्हणजे पंचांग वाटतं, त्याला इलाज नाही.

पण सरांचा दुसरा मुद्दा मला खोडता आला नाही. हाच शेवट पुढे ‘दिएस इरे’नंतर येतो आणि अगदी अखेरीसही, दोन्हीकडे घंटेच्या पाठोपाठ. घंटा समान पट्टीतली, गळे नाहीत. शिवाय वसईकडचे गायक ऑर्गनबरोबर वाढलेले, त्यांचा ए वरच राहतो. म्हणजे आल्टोंच्या, बायकांच्या खालच्या आवाजांच्या, एकाच रांगेत दोन गंधार. पुढच्या तालमीत ए कुणालाच द्यायचा नाही, पियानोवर फक्त एफ आणि सी. सर त्यालाही तयार नाहीत.