बाबांच्या सुरीवरचा काळा थर

गेल्या वर्षी मे महिन्यात तक्कूसाठी कैऱ्या आणि कांदे चिरून झाल्यावर मी सुरी ओट्यावर तशीच ठेवली आणि आलेल्या पाहुण्यांमध्ये गुंतले. संध्याकाळी ओटा आवरायला गेले तेव्हा पात्यावर, धारेपासून बोटभर वर, नारिंगी रंगाचे सात-आठ ठिपके उमटलेले दिसले. कैरीचा रस जिथे वाळला होता तिथे जुना काळसर रंग उडून पांढुरके डाग पडले होते, आणि एरवी एकसारखे निळसर राखाडी दिसणारे ते पाते आता चट्टे पडल्यासारखे दिसत होते.

ही सुरी बाबांची. उमरेड रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या एका गाडीलोहाराकडून त्यांनी ती समोर उभे राहून घडवून घेतली होती. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तापवून, ठोकून, पाणी देऊन (म्हणजे तापलेले पोलाद एकदम थंड करून कठीण करून) केलेले पाते आणि बाभळीच्या लाकडाची मूठ, एवढेच तिचे स्वरूप. कमानीच्या पाट्याच्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा अधिक कार्बन असतो. क्रोमियम मात्र नसते किंवा फार तर एखादा टक्का असते. स्टेनलेस म्हणवणाऱ्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते, आणि त्या क्रोमियमच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर पात्याचे रक्षण करतो. आमच्या सुरीला ते संरक्षण जन्मतः नव्हते. तिला ते वापरातून मिळवावे लागले, आणि तो मिळवलेला थर म्हणजेच तिचा काळेपणा, ज्याला आता सुरीचे शौकीन पॅटिना म्हणतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की लोखंड गंजेल ही शंकाही मनात येत नाही. पण मे महिन्यात आपण बाहेरच्या हवेत राहतो कुठे? दिवसभर कूलर चालू असतो, ओल्या वाळ्यातून आलेली दमट हवा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते आणि ओट्यावरची ओल लवकर सुकत नाही. त्यात कैरीचे आम्ल आणि कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये एकाच वेळी पात्यावर तासन्‌तास राहिली. चूक पूर्णपणे माझी होती.

प्रश्न असा होता की आता काय करावे. काळा थर आणि तांबूस गंज ही दोन्ही लोखंडाचीच रूपे असली, तरी त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. तांबूस गंज म्हणजे पाणी धरून ठेवणारे लोखंडाचे ऑक्साइड. ते भुसभुशीत असते, झिजलेल्या लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते, त्यामुळे फुगून सुटते, आणि त्याच्या छिद्रांतून ओल पुन्हा आत शिरून खालचे पोलाद खात राहते. काळा थर दाट असतो आणि पृष्ठभागाला घट्ट चिकटलेला असतो. त्यात मॅग्नेटाइट हे काळे ऑक्साइड असते, पण स्वयंपाकघरातल्या सुरीवर निव्वळ तेवढेच नसते; भाज्यांमधील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांच्या संयोगातून होणारी निळी-काळी संयुगेही त्यात मिसळलेली असतात. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांपासून पूर्वी काळी शाई करीत, ती याच संयोगामुळे. सुपारी कातरून कातरून काळ्या पडलेल्या अडकित्त्याचे पाते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हा थर गंज पूर्णपणे रोखत नाही, परंतु त्याचा वेग कमी करतो, आणि तो बसलेला असला की चिरलेल्या कांद्याला लोखंडाचा वास लागत नाही. त्याचा खाण्याला काही अपाय नाही.

म्हणून माझे मत आधीच स्पष्ट लिहिते. पाते केवळ काळे दिसते, नव्यासारखे चकाकत नाही, एवढ्याच कारणासाठी हा थर कुणी काढू नये. आमच्या गल्लीत सायकलवर सहाण लावून येणारे धारवाले काका ती सुरी पाहून म्हणाले होते, “हे काळं म्हणजे खराबी नाही जी ताई, हे तिचं कातडं आहे.” नागपूर जिल्ह्यातच नायकुंड येथे महापाषाणीय काळातील लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे, तशा ठिकाणी सापडणाऱ्या प्राचीन लोखंडी वस्तूंवरचा थर तर घासून काढणे म्हणजे पुरावाच पुसून टाकणे होय. माझी सुरी मात्र रोजच्या कामाची वस्तू होती, आणि तिच्या काळ्या थराखाली काही ठिकाणी तांबूस गंज शिरला होता. नखाने खरवडले तर तिथला काळा पापुद्रा सुटत होता. असा गंज वरून तेल लावून थांबत नाही. त्या जागी पोलाद उघडे करावेच लागते. उघडा झालेला भाग आणि जुना काळा भाग यांच्या सीमेवर पुन्हा असमान डाग पडत राहतात, म्हणून बहुतेक सगळे पाते एकदा स्वच्छ करून नवा थर बसू द्यावा असे मी ठरवले. ठरवायला मला तीन दिवस लागले. त्या रंगात बाबांनी अनेक वर्षे चिरलेली वांगी, कच्ची केळी आणि मटण होते, आणि ते पुसून टाकायला हात धजत नव्हता.

सुरुवात मी सर्वांत सौम्य उपायाने केली. पाते भांड्यांच्या साबणाने धुऊन तेलकटपणा काढला, धारेवर कागदी चिकटपट्टी लावली, पाते एका जुन्या पाटावर आडवे ठेवले आणि खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली घट्ट पेस्ट अर्ध्या कापलेल्या बटाट्याने चोळली. चोळण्याची दिशा पाठीकडून धारेकडे किंवा मुठीकडून टोकाकडे असावी. धारेकडून पाठीकडे हात कधीही आणू नये, कारण घसरलेला हात थेट धारेवर येतो. वीस मिनिटांच्या चोळण्याने वरवरचे नारिंगी ठिपके निघाले, पण काळा थर जेमतेम फिका झाला. यात आश्चर्य नाही. सोडा हा फार मऊ घासणारा पदार्थ आहे, तो सुटा गंज काढतो, मुरलेला थर त्याला दाद देत नाही. नुकतेच पडलेले डाग असतील तर मात्र एवढ्यावरच थांबता येते, आणि थांबावे.

त्यानंतर व्हिनेगर. बाजारात मिळणाऱ्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्लाचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास असते आणि या कामाला ते पुरेसे आहे. एका उंच पेल्यात व्हिनेगर ओतून पाते उभे बुडवता येते, पण लाकडी मूठ त्यात जाता कामा नये; लाकूड फुगले आणि आम्ल मुठीतल्या लोखंडापर्यंत पोहोचले तर तिथला गंज दिसतही नाही आणि निघतही नाही. माझा पेला पुरेसा उंच नव्हता, म्हणून मी सुती कापडाची पट्टी व्हिनेगरमध्ये भिजवून पात्याभोवती गुंडाळली. दहा-बारा मिनिटांनी पट्टी काढली तेव्हा पात्यावर काजळीसारखा काळा लगदा सुटला होता आणि तो ओल्या फडक्याने सहज पुसला गेला. आम्ल ऑक्साइड विरघळवते आणि त्याच्या खालच्या लोखंडाशीही थोडी प्रक्रिया करते, त्यामुळे वरचा थर सैल होतो. हीच गोष्ट मी तीन वेळा केली, प्रत्येक वेळी मध्ये धुऊन आणि पुसून. पाते रात्रभर बुडवून ठेवण्याचा सल्ला अनेकजण देतात, तो कृपया ऐकू नका. गंज संपल्यावर आम्ल पोलादाकडे वळते, पृष्ठभाग खडबडीत करते, आणि पात्याचा सर्वांत पातळ भाग म्हणजे धार असल्यामुळे सर्वांत जास्त नुकसान तिचेच होते.

लिंबूसत म्हणजे सायट्रिक आम्लही हेच काम करते, किंबहुना अधिक वेगाने करते, म्हणून त्याचे पाणी पातळ करावे आणि वेळ कमी ठेवावा. चिंच पितळेला उत्तम. लोखंडावर तिचे आम्ल चालते, पण गर चिकटून राहतो आणि किती वेळ कुठे लागला आहे याचा अंदाज येत नाही. लिंबू आणि मीठ ही जोडी मी टाळते, कारण मिठातील क्लोराइड लोखंडात बारीक खड्डे पाडण्यास मदत करते. संडास साफ करण्याचे ॲसिड वापरण्याचा विचारही करू नये. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ते पाते खाऊन टाकते, त्याची वाफ घातक असते, आणि ज्याने अन्न चिरायचे त्या वस्तूला ते लावण्याचे काहीच कारण नाही.

तिसऱ्या फेरीनंतर मी पाते सोडा विरघळवलेल्या पाण्यात धरले, म्हणजे उरलेले आम्ल निष्प्रभ झाले, आणि मग स्वच्छ पाण्याने धुतले. इथे माझी दुसरी चूक झाली. कोरडे फडके आधी जवळ घेऊन ठेवायला हवे होते. ते आणायला मी गच्चीवर गेले आणि परत येईपर्यंत, चार-पाच मिनिटांतच, पात्यावर पिवळसर छटा आली. आम्लाने नुकतेच उघडे केलेले पोलाद ओले राहिले तर ते बघता बघता गंजू लागते. पुन्हा सोड्याने चोळून ती छटा काढावी लागली.

आता पाते राखाडी, निस्तेज आणि थोडे ठिपकेदार दिसत होते. इतवारीतील एका हार्डवेअरच्या दुकानातून मी वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद आणला होता, ८००, १२०० आणि २००० नंबरचा; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. कागद एका लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, पात्याच्या लांबीच्या एकाच दिशेने घासले. ठोकळा नसेल तर बोटांचा दाब असमान पडतो आणि पात्यावर लाटा उमटतात. एका नंबरच्या कागदाच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नये, एवढा एकच नियम इथे पाळावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो; मला दोन दुपारी लागल्या. गंजाने केलेले दोन खड्डे तरीही राहिले. ते घालवायचे तर भोवतालचे सगळे पोलाद तेवढे खाली न्यावे लागले असते, आणि एवढ्यासाठी पाते पातळ करणे मला पटले नाही.

विजेवर फिरणाऱ्या चाकावर हे काम पाच मिनिटांत होते हे खरे, परंतु पोलादाला पाणी दिल्यानंतर पुन्हा सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापवून त्याचा चिवटपणा साधलेला असतो, आणि चाकाच्या घर्षणाने पातळ धार त्याहून जास्त तापली तर तिची कठीणता उतरते. धारेजवळ एकदम निळा रंग दिसला तर तो पॅटिना नसून भाजल्याची खूण असते. पाते गॅसवर धरून सुकवू नये ते याच कारणाने.

धार मी सर्वांत शेवटी लावून घेतली, कारण आम्लाने ती बोथट झालीच होती. त्यानंतर खोबरेल तेलाचे एक बोट दोन्ही बाजूंना फिरवले. विदर्भात जवसाचे तेल सहज मिळते आणि ते लावावेसे वाटते, पण जवसाचे तेल हवेत वाळून चिकट, पिवळट पापुद्रा धरते. रोज वापरायच्या पात्यावर तो नको. खोबरेल डिसेंबरमध्ये गोठते, तरी बोटांच्या उबेने पसरते.

उघडे पोलाद फार दिवस तसे ठेवायचे नव्हते. कोऱ्या चहाचा कडक काढा करून त्यात थोडे व्हिनेगर घातले आणि कोमट असतानाच भिजवलेल्या कापडाने पात्यावर दहा मिनिटे ठेवला. व्हिनेगरने थोडे लोखंड सुटते, चहातील टॅनिन त्याला धरते, आणि धुतल्यावर फिकट निळसर काळा रंग राहतो. हा पाया पक्का नसतो, तो वापराने पक्का होतो. पहिले तीन आठवडे मी कांदा आणि कैरी स्टेनलेसच्या सुरीने चिरली, कारण कोवळ्या थरावर ती काळपट पडतात आणि त्यांना लोखंडाची चव येते. या सुरीने वांगी, बटाटे, कोबी आणि शिजवलेले मटण चिरले. मटणाने पात्यावर जो जांभळट निळा रंग येतो तसा कोणत्याच भाजीने येत नाही. प्रत्येक वेळी काम झाले की लगेच धुणे आणि पुसणे, मग दारात कुणीही उभे असो.

यंदाच्या मे महिन्यात तक्कू पुन्हा याच सुरीने केला. कांदा पांढरा राहिला आणि पात्यावर एकही नारिंगी ठिपका आला नाही. मुठीजवळचा दोन बोटे रुंदीचा पट्टा मी गेल्या वर्षी घासला नव्हता. तिथे गंज पोहोचलाच नव्हता, आणि चिरताना बाबांचा अंगठा तिथेच टेकलेला असे. तो भाग अजून बाकीच्या पात्यापेक्षा गडद आहे. वर्षभरात दोघांमधली रेघ पुसट होत आली आहे, तिरप्या उजेडात धरले तरच ती दिसते.