‘रंग सावळा आहे पण...’ मधला तो ‘पण’

कन्फर्मेशनला, म्हणजे मुलं चर्चमध्ये बिशपांसमोर आपला विश्वास स्वतः कबूल करतात त्या विधीला, पंधरा दिवस राहिले होते. मार्च संपत आला होता, नागपूरचं ऊन तेव्हापासूनच डोक्यावर बसायला लागतं, आणि आमच्या चर्चच्या मुलींच्या ग्रुपमधली एक पोट्टी, १५ वर्षांची, नाव नाही लिहीत, चर्चच्या मागच्या खोलीत स्कार्फ तोंडाला तसाच बांधून बसली होती. पंखा सुरू, खोलीत सावली, तरी सोडेना. मी म्हटलं अगं काढ न तो, जीव घाबरा नाही होऊन राहिला का. तर म्हणे दीदी, मला पांढरा ड्रेस नाही घालायचा, तुम्ही पास्टर साहेबांना सांगा न, बाकी सगळ्यांनी घालू दे, मला फक्त क्रीम कलरचा चालेल का विचारा.

मग हळूहळू निघालं. मम्मी बर्डीच्या बाजारातून ड्रेस घेऊन आली, छान आहे, बाह्यांना लेस आहे, आणि घरी आलेल्या एका आंटीनं तो ड्रेस हिच्या अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, पांढऱ्यात अजूनच काळी दिसेल हो ही. एवढंच. पुढे चहा झाला, आंटी गेली, विसरूनही गेली असेल. हिनं रात्रभर ते वाक्य धरून ठेवलं.

स्कार्फ काढला तेव्हा मला धक्का बसला. गाल लाल, भाजल्यासारखे, कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या, हनुवटीवर पुरळ, कानाजवळ बारीक लव वाढलेली. चार महिने क्रीम लावत होती. मैत्रिणीनं सांगितलं, मेडिकलमधून आणली, घरी कोणाला सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात खरंच रंग उजळला, सगळे विचारायला लागले काय लावतेस म्हणून, ती खुश. मग एक दिवस ट्यूब संपली, दोन दिवस लावली नाही तर चेहऱ्याची आग आग, मग परत लावली, शांत झालं, आणि ते चक्र सुरू झालं.

मुलींनो हे जरा नीट वाचा, आणि मम्मी लोकांनी पण. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ते औषध आहे, त्वचेच्या ठराविक आजारांवर डॉक्टर थोडे दिवस देतात, पण गोरं व्हायला म्हणून महिनोन् महिने चेहऱ्यावर लावलं की कातडी पातळ होते, ऊन सहन होत नाही, पुरळ येतं, लव वाढते, आणि बंद केलं की आग होते म्हणून माणूस बंदच करू शकत नाही. २०१८ पासून अशा स्टेरॉइड क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, नियम आहे, तरी मिळतात. त्यामुळे ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असलं काही दिसलं तर मनानं लावू नका, आणि लावत असाल तर मनानं बंद पण करू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा, त्या सांगतील तसं करा. आमच्या हिला डॉक्टर मॅडमनी सांगितलं की बरं होईल, पण वेळ लागेल, महिने लागतील.

त्या दिवशी घरी येताना स्कूटीवर मी हाच विचार करत होते की आम्ही काय शिकवून राहिलो या पोरींना. दर रविवारी भेटतो, वचनं पाठ करून घेतो, आणि तरी ही मुलगी चार महिने एकटी हे सगळं सहन करत होती.

मला माझं आठवलं. मी लहानपणी चार वर्षं नाताळच्या नाटकात मेंढपाळ होते. डोक्याला तपकिरी टॉवेल बांधायचा, वर दोरी, अंगावर एक घोंगडी, ती मानेला टोचायची, हातात काठी. डायलॉग एकच, चला आपण बेथलेहेमास जाऊ. मला सगळ्यांचे डायलॉग पाठ असायचे, येशूच्या आईचे, मरियाचे तर झोपेत विचारले तरी म्हणून दाखवले असते. सहावीत मी हिंमत करून विचारलं की मी मरिया होऊ का. नाटक बसवणाऱ्या बाई प्रेमळच होत्या, खरंच सांगते, वाईट बोलायचं म्हणून बोलल्या नाहीत, गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, बेटा, मरिया थोडी उजळ पाहिजे न, निळ्या ओढणीत खुलून दिसली पाहिजे. मी मान हलवली. रडले नाही. बारा वर्षांच्या मुलीला ते पटलं, हे मला आज जास्त लागतं.

नाझरेथची मुलगी होती मरिया. गालीलातल्या एका लहानशा गावातली, पाणी भरणारी, उन्हात काम करणारी, आणि गरोदरपणात नाझरेथहून बेथलेहेमला गेली, शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे इथून निघून वर्धा मागे टाकून अजून पुढे, आणि शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, कुठे गाढवाचा उल्लेखही नाही. ती उजळ पाहिजे हे आपण कुठून आणलं?

मला वाटतं भिंतीवरून आणलं. आपल्या बहुतेकांच्या घरी येशूचा जो फोटो असतो न, लांब मऊ तपकिरी केस, गोरा चेहरा, वर कुठेतरी बघणारा, ते चित्र वॉर्नर सॉलमन नावाच्या अमेरिकन चित्रकारानं १९४० साली काढलेलं आहे. त्याच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या, कॅलेंडरवर, बायबलच्या खुणांवर, आपल्या हॉलमध्ये. माझ्या आजीकडे पण होतं, त्याच्यासमोर तिनं आयुष्यभर गुडघे टेकले, मला त्या चित्राबद्दल राग नाही. पण ते शिकागोच्या माणसानं काढलेलं आहे एवढं तरी आपल्या पोरींना माहीत असावं. नाहीतर देव गोरा, मरिया गोरी, देवदूत तर पांढरेच, आणि आपण मेंढपाळ, हे त्या चार वर्षांच्या असल्यापासून बघून राहिल्या.

आता वचनांचं सांगते, कारण इथे आमची चूक आहे असं मला वाटतं. कोणत्याही मुलीला दिसण्यावरून वाईट वाटलं की आम्ही लगेच शमुवेलाचं पहिलं पुस्तक उघडतो, सोळावा अध्याय, सातवं वचन, माणूस बाहेरचं रूप बघतो पण परमेश्वर हृदय बघतो. मी स्वतः किती वेळा सांगितलं असेल. पण हे वचन आपण कोणाला सांगतो बघा. वर्गातल्या सुंदर मुलीला कधीच नाही. म्हणजे ज्या मुलीला ते मिळतं तिला काय कळतं? हेच न, की बाहेरून तू काही खास नाहीस, चल, आत बघू. आणि मूळ गोष्ट तशी नाहीच. संदेष्टा शमुवेल नवा राजा निवडायला गेला तेव्हा एलियाबाची उंची बघून भारावला होता, त्याला अडवायला ते वाक्य आहे. पुढे पाचच वचनांनी एलियाबाचा धाकटा भाऊ दावीद येतो, तोच राजा म्हणून निवडला जातो, आणि तिथे लिहिलंय की तो तांबूस होता, डोळे सुंदर होते, दिसायला देखणा होता. देवाला बाहेरचं शरीर नकोसं आहे असं त्यात कुठे आहे? शरीर त्यानंच केलंय. शब्द, म्हणजे ख्रिस्त, देही झाला असं आपण मानतो, येशू मेलेल्यातून उठला तो पण शरीरानं उठला, हातावर खिळ्यांच्या खुणा घेऊन. प्रभुभोजनाला ‘हे माझे शरीर’ ऐकून आपण भाकर हातात घेतो. इतकं शरीराचं बोलणारा विश्वास आणि आपल्या मुलींना मात्र सांगायचं की शरीराकडे लक्ष देऊ नको.

त्या पोरीला म्हणून मी दुसरं वचन दाखवलं. गीतरत्न, म्हणजे बायबलमधलं प्रेमगीतांचं पुस्तक, पहिला अध्याय, पाचवं आणि सहावं. आमच्याकडे संडे स्कूलला गीतरत्न कोणी उघडत नाही, लाजतात सगळे. तिथे एक मुलगी बोलते, म्हणते यरुशलेमेच्या मुलींनो, मी काळीसावळी आहे तरी सुंदर आहे, माझ्याकडे टक लावून बघू नका, मी उन्हानं अशी झाले, भावांनी मला द्राक्षमळे राखायला लावले. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली दीदी हे बायबलमध्येच आहे का. बोट ठेवून परत वाचलं तिनं. नागपुरात राहणाऱ्या, मे महिन्यात ४५ च्या वर पारा असताना ट्युशनला सायकलनं जाणाऱ्या मुलीला ‘उन्हानं मी अशी झाले’ हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि यातली एक गोष्ट मला एका बायबल स्टडीत कळली होती ती तिला पण सांगितली. मूळ हिब्रूमध्ये ‘काळी’ आणि ‘सुंदर’ या दोन शब्दांना जोडणारं फक्त एक अक्षर आहे, वाव, पुढच्या शब्दाला चिकटून येतं. त्याचा अर्थ ‘पण’ असाही होतो आणि ‘आणि’ असाही होतो. लॅटिनवाल्यांनी ‘पण’ घेतलं, जुन्या इंग्रजीवाल्यांनी ‘पण’ घेतलं, आपल्याकडे ‘तरी’ आलं. पण ‘मी काळी आहे आणि सुंदर आहे’ असंही वाचता येतं, चूक नाही ते. मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस त्याच एका अक्षराचा विचार करत होते, कारण माझं अख्खं लहानपण त्या ‘पण’मध्ये गेलं. रंग सावळा आहे पण नाकीडोळी नीटस आहे. जाड आहे पण चेहरा गोड आहे. बुटकी आहे पण हुशार आहे. कौतुक म्हणून बोलतात लोक, आणि मुलीला ऐकू येतं ते ‘पण’च्या आधीचं.

रंगाचंच नाही हे. गेल्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, माझ्या लक्षात आलं की दोन-तीन मुली उपास करून राहिल्या, मला आनंद झाला, मग एकीनं सहज सांगितलं की चाळीस दिवसांत चार किलो कमी करायचे आहेत, ईस्टरचा ड्रेस बसत नाही. सकाळी काही नाही, शाळेत डबा परत, संध्याकाळी दोन बिस्किटं. मी त्या दिवशी ग्रुपमध्ये स्पष्ट बोलले. उपास प्रार्थनेसाठी असतो, वजनकाट्यासाठी नाही, आणि वाढत्या वयात असं उपाशी राहिलं की चक्कर येते, पाळी बिघडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पाळी सुरू होण्याच्या आसपास मांड्या, कंबर, छाती भरते ती भरायलाच पाहिजे, शरीर बाईचं होऊन राहिलंय, ते काही बिघडलेलं नाही. पिंपल्स पण तसेच, हॉर्मोनमुळे त्वचेत तेल वाढतं, देवाची शिक्षा नाही आणि अस्वच्छपणा तर अजिबात नाही. हां, पाळी महिनोन् महिने येत नसेल, चेहऱ्यावर जाड केस येत असतील तर डॉक्टरला दाखवा, लाज धरू नका, आईला सांगता येत नसेल तर मला सांगा, मी येते सोबत.

आणि ‘तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे’ हे वचन कृपा करून मुलींना कपड्यांवरून बोलण्यापुरतं वापरू नका. मंदिर आहे असं लिहिलंय, गोरं झाल्यावर किंवा बारीक झाल्यावर मंदिर होईल असं हे वचन लिहिणाऱ्या पौलानं लिहिलेलं नाही. मंदिर आहे म्हणून तर त्याला वेळेवर जेवायला घाला, झोपू द्या, वाट्टेल ती ट्यूब फासू नका. मला ते वचन असं वाचावंसं वाटतं.

कन्फर्मेशन झालं. तिनं पांढराच ड्रेस घातला. तिचा चेहरा तेव्हाही लाल होता, औषध सुरू होतं, मम्मीनं फाउंडेशन लावायचा आग्रह केला तर डॉक्टरनी नाही म्हटलंय म्हणून तिनं लावलं नाही. बिशप साहेबांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले होते. ग्रुप फोटोत मात्र ती मागच्या रांगेत गेली, मी बोलावलं तरी पुढे आली नाही, आणि मी जास्त ओढलं नाही. एका रविवारी सगळं ठीक होत नसतं.

आता नोव्हेंबर आलाय, नाटकाची तयारी सुरू होईल. या वर्षी मी कमिटीत म्हटलं की मरिया चिठ्ठ्या टाकून ठरवू, ज्या मुलींना इच्छा आहे त्यांची नावं, बस. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाला प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच निवडलं होतं न, तर आपल्याला काय हरकत आहे. दोघी-तिघींना पटलं नाही. एकीनं म्हटलं बिशप साहेब येणार आहेत, स्टेजवर जरा दिसायला नको का. मी म्हटलं कसं दिसायला? त्यावर कोणी बोललं नाही, विषय बॅनरवर आणि जेवणावर गेला, आणि हा विषय पुढच्या रविवारवर ढकलला.

काल रात्री त्या पोरीचा मेसेज आला. गाल आता बरेच बरे आहेत, उन्हात गेलं की अजून थोडं चुरचुरतं म्हणे, सनस्क्रीन संपली ती परत कोणती आणायची ते विचारत होती. मी सांगितलं. मग पाच मिनिटं नुसतं टायपिंग टायपिंग दिसत होतं आणि आलं एवढंच, दीदी चिठ्ठ्या टाकणार असाल तर माझं पण नाव टाका.

टाकलंय. बघू आता रविवारी काय होते तर.