झेंडू, निळी ताडपत्री आणि चेहरे

आज पहाटे कॅमेरा घेऊन दादरचा फुलबाजार. उजाडायच्या आत तिथे खरी अडचण अंधाराची नसतेच, दिव्यांची असते. स्वस्तातले एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण शटरचा वेग १/५०० सेकंदाला नेला, त्यातही सायलेंट मोडवर, म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर, तर फोटोत आडवे पट्टे हमखास. १/१०० वर या, पट्टे जातात. हार ओवणाऱ्या बोटांची घाई थोडी पुसट येते. येऊ दे, छानच दिसते.

झेंडू मात्र फसवा. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर म्हणतं सगळं ठीक, आणि घरी बघावं तर पाकळ्यांच्या जागी सपाट केशरी गोळा, कारण लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर, आधीच जळालेला, तपशील गेलेला. साध्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, हे दिसत नाही. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर उणे ०.७, म्हणजे उजेड थोडा कमी, आणि फाइल रॉ, म्हणजे कच्ची.

उजाडलं की निळी ताडपत्री. तिच्याखाली धडधाकट माणूसही आजारी दिसतो. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगदुरुस्तीने, धड सुटत नाही, बाजूला पिवळा बल्ब असतोच. चेहरा कडेला, उघड्या आभाळाकडे वळलेला हवा. ३५ एमएमची लेन्स, दीड मीटरवरून, लेन्सचं छिद्र एफ/४; मागच्या टोपल्या ओळखू आल्या पाहिजेत, नाहीतर तो फोटो दादरचा कशाला?

आणि विचारायचं. भवानी व्हायच्या आधी मात्र नाही, मावशी हाकलतात आणि त्यांचं बरोबरच आहे. हो म्हटल्यावरचा पहिला फोटो पासपोर्टसारखा ताठ येतो. तो दाखवायचा, त्या हसून पुन्हा सुईकडे वळल्या की दुसरा. पुढच्या खेपेला ४ बाय ६ ची प्रिंट नेऊन द्यायची, मॅट. ओल्या हातांचे डाग ग्लॉसीवर फार दिसतात.