दोरी ताठ हवी

कुत्रं पाळणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य "ओढू नकोस" म्हणण्यात जातं. ट्रेनर लावा, यूट्यूब बघा, खिशात चिकनचे तुकडे घेऊन हिंडा, सगळा खटाटोप एवढ्यासाठीच की बाई गं पट्टा सैल ठेव, माझा खांदा निखळेल. आणि मग एके दिवशी कोणीतरी तुम्हाला कॅनिक्रॉस नावाचा पळण्याचा प्रकार दाखवतं, ज्यात कुत्रं पुढे, आपण मागे, मधे लवचिक दोरी, आणि ओढणं हेच कुत्र्याचं काम! म्हणजे इतके महिने जे शिकवलं ते सगळं पाण्यात?

तर नाही. ही मंडळी कपड्यांवरून प्रसंग ओळखतात. गळ्यात पट्टा असला की आमची ठकी शहाण्या मुलीसारखी शेजारून चालते, पण खुंटीवरचा हार्नेस, म्हणजे डोक्यातून घालून छातीवर बसवायचा पट्ट्यांचा साज, नुसता हलला तरी हॉलमधे गोल गोल फिरायला लागते, तोंडाने असा काही आवाज काढते की खालच्या मजल्यावरच्यांनाही कळावं आज पळायचंय. डोकं स्वतःहून त्या भोकात घालते. अंघोळीच्या वेळी कुठे जातो हा उत्साह देव जाणे.

प्रकार मूळचा युरोपातला, जिथे बर्फावर स्लेज ओढणारी कुत्री पाळतात तिथला. बर्फ वितळला की या कुत्र्यांचं करायचं काय, ती काही सोफ्यावर बसणाऱ्यातली नव्हेत, म्हणून त्यांचे मालक त्यांना घेऊन रानवाटांवर पळायला लागले आणि आता त्याच्या रीतसर वर्ल्ड चॅम्पियनशिप वगैरे होतात. तिकडे हवा थंड, जमीन मऊ. आमच्याकडे पुण्याची वेताळ टेकडी, पायाखाली मुरूम, आणि ठकी, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधून घरात शिरलेली तांबडी देशी कुत्री, एक कान उभा एक पडलेला. पण खरं सांगू का, दृश्य आपल्याला काही परकं नाही. खंडोबाचं चित्र आठवा, घोडा चौखूर आणि त्याच्या बरोबरीने कुत्रं. देवाला चालतं तर आपल्याला काय झालं.

सामान फार नाही, पण जे आहे ते नीट हवं. गळपट्ट्याला दोरी बांधून पळायचं नाही म्हणजे नाही, सगळा जोर श्वासनलिकेवर येतो. हार्नेस असा हवा की ओढ छातीवर आली पाहिजे, खांदे मोकळे हलले पाहिजेत आणि गळा दाबला जायला नको. आपल्या बाजूला रुंद बेल्ट, तोही कमरेवर नाही तर खाली, नितंबांच्या हाडांवर बसणारा, कारण दणका पाठीने घ्यायचा नसतो. (ओढणी कमरेला गुंडाळून पळणारे लोक पाहिलेत मी. पाठ त्यांची, मर्जी त्यांची.) मधली दोरी साधारण दोन मीटरची, आत इलॅस्टिक, म्हणजे खारीमागे अचानक झेप घेतली तरी आपण तोंडावर आपटत नाही. निदान दर वेळी नाही.

सुरुवात करायच्या आधी व्हेटकडे जाऊन या, आणि पिल्लू असेल तर घाई करू नका. हाडं पुरती भरायला वर्ष तरी लागतं, मोठ्या जातीच्या कुत्र्याला दीड वर्ष. पग किंवा बुलडॉग असेल तर हा नाद सोडाच, त्या चपट्या नाकाने चालतानाच धाप लागते. बाकी पहिले काही आठवडे मिनिटभर पळा, दोन मिनिटं चाला, बस. खाणं निदान दोन तास आधी. आणि टेकडीच्या तोंडाशी दहा मिनिटं तिला हवं ते हुंगू द्या, शी-शू उरकू द्या, पिशवी बरोबर ठेवा, नाहीतर नेमकं तुमचं पाऊल लयीत आलं की ब्रेक लागतो.

मला या सगळ्यात गंमत वाटते ती दोरीची. कुत्रं तोंडाने सांगत नाही की आता पुरे. उलट आपल्या माणसाबरोबर राहायचं म्हणून ते ताकद संपली तरी पळत राहतं, आणि इथेच माणसाने डोकं वापरायचं असतं. मुळात त्यांचं अंग आपल्यापेक्षा गरम, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्यांचं नॉर्मल, म्हणजे आपल्या हिशोबाने कायमचा बारीक ताप. घाम सुटतो तो फक्त पायांच्या गाद्यांना, बाकी सगळी भिस्त जिभेवर. म्हणून मी घड्याळाकडे बघणं सोडून दोरीकडे बघते. ताठ आहे तोवर चाललंय, सैल पडली की थांबायचं, सावलीत बसायचं, घोट घोट पाणी. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली तर त्या दिवशी घरीच जायचं. स्पर्धांमधेही नियम आहे, कुत्र्याला मागून ओढत आणलंत तर चालत नाही. उन्हाळ्यात आम्ही उजाडताना वर असतो आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत खाली. रस्त्याच्या डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघायची, आपल्याला चटका बसला तर तिलाही बसणार.

पावसाळा संपला की कुसळं. टेकडीवरचं गवत वाळतं आणि त्याची ती टोकदार पिळदार कुसळं माझ्या मोज्यांत आणि ठकीच्या बोटांच्या बेचक्यात सारखीच घुसतात. घरी आल्यावर गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसायचं, एकेक बोट फाकवून बघायचं, कानात बघायचं, गोचीड आहे का बघायचं, पळण्यापेक्षा जास्त वेळ यात जातो. ती तेवढा वेळ डोळे मिटून पडून असते. आमच्यातलं राणी आणि दासी हे नातं या वेळी अगदी स्पष्ट होतं.

लोक विचारतात, "कोण कोणाला पळवतंय?" रोज विचारतात, त्याच वळणावर, तेच काका. मी रोज हसते. मोर दिसला तर मात्र हसायला वेळ नसतो, दोरी आखडून घ्यायची, "सोड" म्हणायचं आणि पाय रोवायचे, कारण टेकडी आधी मोरांची आहे, मग आमची.

चढाला ठकी म्हणजे मोटार लावल्यासारखी. जिथे पूर्वी मी कंबरेवर हात ठेवून उभी राहायचे तिथे ती मला अक्षरशः वर खेचते. पण उतार! उताराला तीच मोटार आणि वर माझं वजन, खाली सुटा मुरूम. "मागे" हा शब्द तिला येतो, घरी येतो, पार्किंगमधे येतो, फक्त उतारावर येत नाही. त्यामुळे सध्या तरी आम्ही चढ पळत चढतो आणि उतार चालत उतरतो, बाकीची टेकडी बरोब्बर उलटं करते.